नेराइट गोगलगायींची अंडी फुटतात, पिल्लं पोहतात, पण तळाला बसत नाहीत. असं का?

कमाटीबागवाला

नमस्कार मंडळी. बडोद्यात आमच्या घरी दोन फुटी गोड्या पाण्याची टाकी आहे. काचेवरचं शेवाळ खातात म्हणून झेब्रा नेराइट गोगलगायी आणल्या. शेवाळ त्यांनी चाटूनपुसून साफ केलं, पण काचेवर, लाकडावर, फिल्टरच्या नळीवर तिळाएवढी पांढरी अंडी चिकटवून ठेवली. दुकानदार म्हणाला, यातून काही निघत नाही, ब्लेडने खरवडून टाका.

मला ते करवेना. या गोगलगायींची पिल्लं गोड्या पाण्यात जगत नाहीत, त्यांना मचूळ पाणी लागतं, एवढं वाचून कळलं होतं. म्हणून मोठ्या काचेच्या बरणीत मरीन सॉल्ट घालून पाणी तयार केलं आणि अंडी असलेला लाकडाचा तुकडा त्यात ठेवला. अंडी फुटली! खोलीतला दिवा बंद करून बरणीला एका बाजूने टॉर्च लावला की धुळीसारखे ठिपके उजेडाकडे सरकतात. मुलीच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर प्रत्येकाला दोन गोल पाकळ्या, पाकळ्यांच्या काठाला एकसारखे हलणारे केस आणि मागे आरपार दिसणारा इवलासा शंख. बराच वेळ आम्ही दोघं आळीपाळीने बघत बसलो होतो.

अडचण पुढची. काही दिवस पिल्लं छान पोहतात, मग रोज थोडी थोडी कमी होतात. एकही खाली बसून रांगायला लागलेलं नाही. बरणी मी अगदी स्वच्छ ठेवतो. पाणी बदलतो, तळ पुसून घेतो, साका राहू देत नाही. खायला माशांच्या खाण्याची पूड अगदी चिमटीभर. कुठे अडतंय? हे कुणी केलं असेल तर कृपया सांगा.

अस्मिता_दांडियाबाजार

माझ्याही टाकीत अशीच अंडी आहेत, मी तर ती डागच समजत होते. उत्तराची वाट बघते. बरणीत मिठाचं प्रमाण किती ठेवलंय?

कमाटीबागवाला

हायड्रोमीटरवर १.०१५च्या आसपास.

खाडीकाठ

मी प्राणिशास्त्र शिकवतो, बडोद्यातच. शिक्षण इथल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठात झालं आणि तेव्हापासून कच्छच्या आखाताच्या किनाऱ्याचा नाद लागला. तुमचा प्रश्न फार आवडला म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही पाहिलेलं ते पिल्लू म्हणजे वेलिजर. दोन पाकळ्यांना वेलम म्हणतात. त्याच्यावरच्या केसांनीच ते पोहतं आणि त्यांनीच पाण्यातलं बारीक शैवाल तोंडाकडे ओढतं. नेराइटचं जगणं दोन घरांत वाटलेलं असतं. मोठ्या गोगलगायी ओढ्यात किंवा खाडीत दगडांवर राहतात, वेलिजर प्रवाहाबरोबर समुद्रात जातात, तिथे प्लवकांमध्ये, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जिवांमध्ये, वाढतात आणि रूपांतर झालं की इवल्या गोगलगायी होऊन पुन्हा वर चढतात. म्हणून गोड्या टाकीत त्यांचा वंश पुढे जात नाही.

आधी पोटाचं बघा. माशांच्या खाण्याची पूड त्यांच्या कामाची नाही. त्यांना पाण्यात तरंगणाऱ्या जिवंत एकपेशीय शैवालाचीच गरज असते. आयसोक्रायसिस किंवा नॅनोक्लोरोप्सिसचं हिरवं पाणी मिळवा. पुडीने पाणी तेवढं नासतं. आणि ही उपासमार नंतर भरून निघत नाही. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर क्रेपिड्युला फॉर्निकाटा नावाची एक गोगलगाय आहे, एकावर एक बसून रास करते. टफ्ट्स विद्यापीठातल्या जॅन पेचेनिक यांनी तिच्यावर वर्षानुवर्षं काम केलं. वेलिजर असताना काही दिवस उपाशी राहिलेली पिल्लं रूपांतरानंतर भरपूर खायला मिळूनही हळू वाढतात, असं त्यांच्या प्रयोगांत दिसलं.

आता दुसरं, आणि माझ्या मते तुमच्या बरणीतलं मुख्य कारण. पोट भरलं, वय झालं तरी वेलिजर आपोआप खाली बसत नाही. त्याला खूण लागते, आणि ती खूण बहुतेक वेळा रासायनिक असते: जे खायचं आहे त्याचा वास, जातभाईंचा वास, दगडावरच्या जिवाणू-शैवालाच्या थराचा वास. तुम्ही तळ पुसून घेता म्हणजे नेमकी तीच खूण पुसता. कोरी काच म्हणजे त्याच्या लेखी अजून समुद्राच्या मधोमधच आहोत. ते पोहत राहतं.

वय झाल्याशिवाय मात्र खूण देऊनही उपयोग नाही. नुकत्या फुटलेल्या वेलिजरला कितीही चांगला दगड द्या, काही होत नाही. त्याचा पाय तयार व्हावा लागतो. सूक्ष्मदर्शकाखाली लक्ष ठेवा. एक दिवस दिसेल की पिल्लू पाकळ्या पसरून तळाजवळ आलंय, पोहता पोहताच शंखाबाहेर पाय काढून पृष्ठभाग चाचपतंय, दोन पावलं रांगतं आणि पुन्हा उडतं. तो क्षण आला की त्याला निवडीसाठी काहीतरी द्यायला हवं.

निनाद७

फार छान लिहिलंत सर. एक शंका आहे. बरणीत वास पसरतो हे समजलं. पण खऱ्या समुद्रात लाटा, भरती-ओहोटी, सगळं ढवळून निघतं. एवढासा जीव, त्याचा पोहण्याचा वेग तो काय! वास कुठून येतोय ते शोधून तिथे पोचणार कसा?

खाडीकाठ

निनाद, याच प्रश्नावर एक देखणं काम झालंय. हवाई विद्यापीठाच्या केवालो सागरी प्रयोगशाळेत मायकेल हॅडफील्ड यांनी फेस्टिला सिबोगी नावाच्या शंखहीन सागरी गोगलगायीचा अभ्यास केला. ती फक्त पोराइट्स वंशातली प्रवाळं खाते, त्यातही मुख्यतः पोराइट्स कॉम्प्रेसा. म्हणजे तिच्या वेलिजरला दुसरीकडे उतरून चालतच नाही. प्रवाळातून पाण्यात विरघळणारा एक छोटा रेणू बाहेर पडतो आणि तोच वेलिजरची खूण.

तुम्ही म्हणता तसं, लाटांखाली हा वास सरसकट एकसारखा पसरत नाही. बर्कली विद्यापीठातल्या मिमी कोएल आणि सहकाऱ्यांनी लाटा उठवणाऱ्या कृत्रिम पाटात प्रवाळाच्या सांगाड्यावर चमकणारा रंग लावला आणि लेझरच्या पातळ पडद्याने पाणी उजळलं. दिसलं ते असं: वासाचे बारीक बारीक धागे वर उठतात आणि मधे स्वच्छ पाणी. वेलिजर त्या धाग्यांत शिरतो, बाहेर पडतो, पुन्हा शिरतो.

२००४ साली हॅडफील्ड आणि कोएल यांनी वेलिजर अशा धाग्यांमधून जाताना काय करतात ते टिपलं. धाग्यात शिरताच वेलमच्या केसांची हालचाल थांबते, पाकळ्या आत ओढल्या जातात आणि वेलिजर बुडू लागतो. धाग्यातून बाहेर आला की पाकळ्या उघडून पुन्हा पोहू लागतो. एवढंच. दिशा शोधायची गरजच नाही. प्रवाळाच्या जवळ धागे दाट, म्हणून तिथे बुडण्याचे तुकडे जास्त आणि पोहण्याचे कमी. लांब असेल तिथे उलट. बेरीज केली तर वेलिजर प्रवाळाकडे खाली सरकत जातो. इतक्या साध्या वागण्यातून एवढी अचूक निवड होते, हे मी दरवर्षी वर्गात सांगतो आणि दरवर्षी मला तितकंच थक्क व्हायला होतं.

आणि हा वास घेतं कोण? वेलिजरच्या डोक्यावर, दोन पाकळ्यांच्या मधे, मोजक्या पेशींचा एक संवेदी अवयव असतो. हॅडफील्ड यांच्याच गटाने २००० साली त्या पेशींना रंग चढवला आणि प्रकाशाच्या झोताने तेवढ्याच पेशी निकामी केल्या. वेलिजर जिवंत होते, पोहत होते, पण प्रवाळाचा वास देऊनही त्यांचं रूपांतर होईना.

लष्करवासी

ग्वाल्हेरहून नमस्कार. मी रसायनशास्त्राचा माणूस आहे. रेणू कोणता, हे कळल्याशिवाय चैन पडणार नाही! अशा खुणांचा नेमका पदार्थ कुणी वेगळा काढलाय का?

खाडीकाठ

लष्करवासी, यात सगळ्यात गाजलेला रेणू तुम्हाला दुसऱ्या संदर्भात माहीत असेल: गॅबा, म्हणजे गॅमा-अमिनोब्युटिरिक आम्ल. आपल्या मेंदूत पेशींना शांत करणारा. सांता बार्बारात डॅनिएल मोर्स यांचा गट कॅलिफोर्नियाच्या लाल अबलोनीवर काम करत होता. अबलोनी म्हणजे चपट्या कानासारख्या शंखाची मोठी गोगलगाय, तिथे खाण्यासाठी पाळतात. तिचे वेलिजर काही खात नाहीत, अंड्यातल्या बलकावर सुमारे आठवडाभर तरंगतात आणि मग खडकाला चिकटलेल्या गुलाबी, चुनखडीसारख्या कठीण लाल शैवालावर उतरतात. पाण्यात अगदी थोडं गॅबा घातलं तर शैवाल नसतानाही ते उतरतात आणि रूपांतर सुरू करतात, हे या गटाने १९७९ साली 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध केलं. त्या शैवालातले गॅबासारखे रेणू हीच खूण असावी, असं त्यांचं म्हणणं होतं. मत्स्यबीज केंद्रांना याचा थेट उपयोग झाला. जपानमध्ये याच सुमारास दुसरा उपाय हाती आला. मोठ्या अबलोनी ज्या पट्ट्यांवरून सरपटल्या आहेत, त्यांच्या बुळबुळीत मागावर पिल्लं चांगली बसतात.

लष्करवासी

म्हणजे बाहेरचा रेणू थेट चेतासंस्थेशी बोलतो. मग पोटॅशियम वाढवलं तर? पेशीपटलावरचा विद्युतभार बदलला की चेतापेशी आपणहून पेटल्या पाहिजेत.

खाडीकाठ

अगदी बरोबर ताडलंत. १९८६ साली नेमकं हेच करून पाहिलं. समुद्राच्या पाण्यात पोटॅशियम आयन वाढवले आणि चार जातींच्या सागरी प्राण्यांच्या पिल्लांचं रूपांतर झालं. त्यात अबलोनी आणि फेस्टिला दोघीही होत्या. खूण मिळालेली नसताना पुढचा सगळा क्रम चालू झाला. म्हणजे आतली यंत्रणा आधीच सज्ज असते आणि बाहेरची खूण तिला फक्त चालना देते. प्रयोगशाळेत आजही एखादी तुकडी वयात आली का, हे तपासायला पोटॅशियम क्लोराइड वापरतात.

उलट बाजूची यंत्रणाही आहे. इलियानासा ऑब्सोलेटा ही चिखलातली गोगलगाय. तिच्या वेलिजरमध्ये नायट्रिक ऑक्साइड तयार होत असतं आणि ते रूपांतर रोखून धरतं. ते बनवणारं विकर बंद केलं की खूण न देताही रूपांतर होतं, हे १९९९ साली दिसलं. सेरोटोनिनने मात्र त्याच वेलिजरचं रूपांतर घडतं. एक रेणू थांबवून धरतो, दुसरा पुढे ढकलतो. चेतासंस्थेतली ही ओढाताण मला या विषयातली सगळ्यात खोल गोष्ट वाटते. वास कुठला आहे हे जातीगणिक बदलतं, पण आतला ब्रेक आणि आतला रेटा कितीतरी जातींत सारखा निघतो.

सराफा_इंदूर

खूण मिळालीच नाही तर? वेलिजर मरेपर्यंत पोहतच राहतो का? कधीतरी मिळेल तिथे बसावं असं त्याला वाटत नाही?

खाडीकाठ

हे जातीवर आहे. बलकावर जगणाऱ्यांची शिदोरी संपत येते, तसे त्यातले काही निवड सैल करतात आणि एरवी नाकारली असती अशी जागा पत्करतात. जे खातपीत वाढतात ते थांबू शकतात. इलियानासाचे वेलिजर योग्य चिखल मिळेपर्यंत रूपांतर लांबवतात, हे रुडॉल्फ शेल्टेमा यांनी १९६१ सालीच दाखवलं होतं. पुढे त्यांना उष्ण किनाऱ्यांवरच्या गोगलगायींचे वेलिजर भर अटलांटिकमध्ये, किनाऱ्यापासून कुठच्या कुठे, जाळ्यात सापडले. महिनोन्महिने थांबू शकणारी पिल्लं महासागर ओलांडू शकतात, असं त्यांनी त्यावरून मांडलं. आणि फ्युसिट्रिटॉन ऑरेगोनेन्सिस या उत्तर पॅसिफिकमधल्या गोगलगायीचे वेलिजर प्रयोगशाळेत चार वर्षांहून जास्त काळ वेलिजरच राहिले आणि त्यानंतरही त्यांचं रूपांतर होऊ शकलं.

थांबण्यात धोका आहेच. पाण्यात प्रत्येक दिवशी कुणीतरी खाणारं असतं. पण चुकीच्या जागी उतरण्याचा धोका त्याहून मोठा, कारण परतीची वाट नाही. रूपांतरात वेलम नाहीसं होतं. फेस्टिला तर शंख आणि झाकणही टाकून उघडी बाहेर येते. त्यानंतर प्रवाळ समोर नसेल तर ती पोहून दुसरीकडे जाऊ शकत नाही, उपाशीच मरते.

उषामावशी_रावपुरा

तुम्हा मुलांचं वाचून मलाही विचारावंसं वाटलं. आमच्या देवघरात शंख आहे, सासूबाईंच्या वेळचा, द्वारकेहून आणलेला. तोही गोगलगायीचाच ना? त्याचं पिल्लूसुद्धा असंच वास घेत घेत खाली बसलं असेल का?

खाडीकाठ

मावशी, नमस्कार. शंख गोगलगायीचाच. टर्बिनेला पायरम असं त्या जातीचं नाव. पण त्याची गोष्ट निराळी आहे. शंखाची मादी वाळूत मेंढ्याच्या शिंगासारखी पीळ असलेली लांब अंडकोशिका रोवते. तिच्यात कप्प्यांमागून कप्पे असतात. पिल्लं आतच वाढतात आणि बाहेर येतात ती शंखासकट, रांगत. समुद्रात तरंगणारा वेलिजर नाही, म्हणून वास शोधत उतरण्याचा प्रसंगच येत नाही. आई जिथे राहते तिथेच लेकरू. मात्र त्यामुळे एखाद्या उपसागरातले शंख फार काढले तर लांबून प्रवाहाबरोबर नवी पिल्लं येऊन जागा भरत नाहीत.

तुमचा शंख द्वारकेचा म्हणजे ओखामंडळाचा. तो भाग तेव्हा आपल्या बडोदे संस्थानात होता. सागरी जीवशास्त्रज्ञ जेम्स हॉर्नेल यांनी १९०५-०६ मध्ये तिथल्या किनाऱ्याची पाहणी केली आणि बडोदे सरकारला ओखामंडळाच्या सागरी प्राण्यांचा अहवाल दिला. पहिला भाग १९०९चा, दुसरा १९१६चा. पहिल्या भागात तिथल्या शंखहीन सागरी गोगलगायींवर चार्ल्स एलियट यांचं वेगळं प्रकरण आहे, म्हणजे फेस्टिलाच्याच गटातल्या. हॉर्नेल यांनी पुढे १९१४ मध्ये पवित्र शंखावरही स्वतंत्र ग्रंथ लिहिला. ओखामंडळाचं काम बडोद्याच्या पैशातून झालं, याचा मला मनापासून अभिमान आहे, आणि आपल्या मराठी मंडळींना ते फारसं ठाऊक नाही याचं वाईटही वाटतं.

उषामावशी_रावपुरा

देवा, किती वर्षं पूजा करते त्याची, हे कधी कुणी सांगितलं नव्हतं. मोठ्ठा आशीर्वाद तुम्हाला.

निनाद७

सर, या सुट्टीत कच्छच्या आखाताच्या किनाऱ्यावर नरारा किंवा पोशित्र्याला जाऊन ओहोटीच्या वेळी दगडांवर अंडी, शंखहीन गोगलगायी बघता येतील का? बरणीत एखादा दगड आणला तर कमाटीबागवाल्यांनाही उपयोग होईल.

खाडीकाठ

बघायला जरूर जा. शंखहीन गोगलगायी खडकावर फितीसारखी वेटोळ्यात अंडी घालतात, ती नजरेला पडली तर बरंच काही मिळालं. दगड मात्र आणू नका. १९८२ पासून तिथे सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, उद्यानातून शंख-शिंपला-प्रवाळ काहीही उचलायला मनाई आहे. उलटा केलेला दगडही जसा होता तसा पुन्हा ठेवायचा, कारण त्याच्या खालच्या बाजूलाच कुणीतरी बसलेलं असतं.

कमाटीबागवाला

सर, शतशः आभार. आता मी काय करू ते एकदा सरळ सांगता का? घरच्या टाकीतला शेवाळलेला दगड उचलून बरणीत टाकला तर?

खाडीकाठ

गोड्या टाकीतला थर खाऱ्या पाण्यात मरेल आणि पाणी नासेल, तो नको. दुसरी बरणी आत्ताच मांडा. पिल्लांच्या बरणीएवढंच मीठ ठेवा, त्यात काही गुळगुळीत गोटे आणि एखादी फरशीची कच टाका आणि खिडकीत उजेडाला ठेवा. काही आठवड्यांत त्यांच्यावर तपकिरी-हिरवा थर चढेल, तो अजिबात पुसायचा नाही. मोठी नेराइट मचूळ पाण्यात राहू शकते, पण एकदम सोडू नका, मीठ थोडं थोडं वाढवत तिला सवय करा. मग तिला त्या गोट्यांवर फिरू द्या, म्हणजे तिचा मागही थरावर राहील.

नवी अंडी फुटली की वेलिजरना पहिल्या दिवसापासून हिरवं पाणी. पाणी बदलताना बारीक जाळीतून गाळा, नाहीतर तुम्ही पिल्लंच ओतून द्याल. काही कमी होण्यामागे तेही असेल. पाय काढून तळ चाचपायला लागले की निम्मे थराच्या गोट्यांजवळ सोडा, निम्मे कोऱ्या काचेच्या बरणीत ठेवा. खाणं, मीठ, उजेड दोन्हीकडे सारखं. मुलीला रोज मोजून वहीत लिहायला सांगा. दोन बरण्यांत काय फरक पडतो ते इथे कळवा, मला खरोखर हवंय.

अस्मिता_दांडियाबाजार

मीपण करणार. हवेचा पंप लावायचा का?

खाडीकाठ

लावा, पण नळीच्या टोकाला बारीक बुडबुडे काढणारा दगड (एअरस्टोन) नको. नुसती नळी, आणि मोठे बुडबुडे सावकाश येतील इतकीच हवा. बारीक बुडबुड्यांनी वेलिजर वर ढकलले जातात आणि पाण्याच्या पृष्ठभागावर शंखाने अडकून बसतात, मग खाली येता येत नाही. अडकलेले दिसले तर वरून पाण्याचे दोन थेंब सोडा, सुटतात.